पात्याला किती मोकळं सोडावं?

१९२७ साली प्रिन्स्टन विद्यापीठातून गणित शिकून बाहेर पडलेल्या आर्थर यंग या अमेरिकन तरुणाच्या डोक्यात एकच खूळ होतं: साऱ्या विश्वाला लागू पडेल असा सिद्धांत मांडायचा. वडील निसर्गचित्रं रंगवणारे चित्रकार. पोटापाण्याची घाई नव्हती. पण कागदावर जमवलेल्या त्या सिद्धांताला वास्तवाची झळच लागलेली नाही, हे त्याला लवकर जाणवलं. मग त्यानं स्वतःसाठी एक परीक्षा ठरवली. न सुटलेला, हातानं करून पाहावा लागेल असा एखादा प्रश्न घ्यायचा, तो तडीस न्यायचा आणि मगच तत्त्वज्ञानाकडे परतायचं. त्यानं निवडलेला प्रश्न होता हेलिकॉप्टर.

पुढची बारा-तेरा वर्षं तो लहान लहान प्रतिकृती बनवत, उडवत आणि मोडत राहिला. त्यातून १९४६ साली नागरी वापराचा परवाना मिळालेलं अमेरिकेतलं पहिलं हेलिकॉप्टर आलं, ते म्हणजे बेल ४७. आणि ठरवल्याप्रमाणे १९४७ मध्ये बेल कंपनी सोडून यंग आपल्या मूळ प्रश्नाकडे वळला. १९७६ मध्ये त्याचा ‘द रिफ्लेक्झिव्ह युनिव्हर्स’ हा ग्रंथ निघाला. त्याचा विषय होता स्वातंत्र्य: ते कसं हरवतं आणि पुन्हा कसं मिळतं.

हेलिकॉप्टर ते मोक्ष ही उडी विक्षिप्त वाटेल. पण ज्यानं रोटरचा हब जवळून पाहिला आहे, त्याला ती तितकीशी विक्षिप्त वाटणार नाही. हब म्हणजे फिरत्या दांड्याच्या, मास्टच्या, माथ्यावर पाती जिथं येऊन मिळतात ती जागा. तिथं अभियंत्यापुढे उभा राहणारा प्रश्न शब्दशः असा असतो: पात्याला कोणत्या दिशेनं हलू द्यायचं, कोणत्या दिशेनं धरून ठेवायचं आणि किती. बंध आणि मोक्ष या जोडीवर अडीच हजार वर्षं खल करणाऱ्या देशातल्या वाचकाला हा वाद परका वाटू नये. फरक एवढाच, की इथं चुकीच्या उत्तराला यंत्र कोसळतं.

नाशिकजवळ गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. ‘चेतक’ आणि ‘चीता’ ही तिथली परिचित यंत्रं. उभ्या ‘चीता’ची तिन्ही पाती टोकाशी खाली लवलेली दिसतात, जणू त्यांच्यात दमच नाही. हबजवळ पाहिलं तर कारण कळतं. प्रत्येक पात्याच्या मुळाशी एक आडवी बिजागरी असते. तिच्यामुळे पातं वर-खाली होऊ शकतं. एक उभी बिजागरी असते. तिच्यामुळे ते फिरण्याच्या प्रतलात थोडं पुढे, थोडं मागे सरकतं. आणि पात्याच्या लांबीच्या अक्षाभोवती वळण्याची सोय असते. तिच्यामुळे पात्याचा वाऱ्याशी असलेला कोन बदलता येतो. वैमानिकाचा हात पोचतो तो या तिसऱ्या हालचालीपर्यंतच. पहिल्या दोन पात्यानं आपल्या आपण करायच्या असतात.

ही सैल रचना काही आळसातून आलेली नाही. तिच्यामागे स्पेनमधल्या एका अभियंत्याचं अपयश आहे.

हुआन दे ला सिएर्व्हा यानं १९२० पासून ‘ऑटोजायरो’ नावाची यंत्रं बांधायला घेतली. पुढे साध्या विमानाचा पंखा आणि डोक्यावर वाऱ्यानं आपोआप गरगरणारी पाती, अशी ती रचना. पहिली तीन यंत्रं नीट उडालीच नाहीत. पुढे वेग घेतला की यंत्र एका कुशीवर कलंडायचं. पाती भक्कम, तारांनी ताणून बांधलेली, हबला पक्की जखडलेली. तरी, किंबहुना म्हणूनच, ती उलटायची.

कारण साधं गणित आहे. हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगत असताना पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २१० मीटर वेगानं फिरतं असं धरू. आता यंत्र ताशी सुमारे २१५ किलोमीटर वेगानं, म्हणजे सेकंदाला ६० मीटर, पुढे निघालं. पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला वारा भेटतो २७० मीटर वेगानं आणि मागे जाणाऱ्या पात्याला १५० मीटर वेगानं. पात्याला मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे कोन तोच असेल तर एका बाजूच्या टोकाला दुसऱ्या बाजूच्या तिपटीहून जास्त. पातं हबला जखडलेलं असेल, तर हा सगळा पक्षपात मास्टमधून थेट यंत्राच्या धडाला मिळतो आणि धड लोळतं.

सिएर्व्हाच्या लक्षात एक विसंगती आली. त्याची मोठी यंत्रं कलंडत होती, पण छोटी प्रतिकृती छान उडत होती. प्रतिकृतीची पाती वेताची होती; ती लवत होती. मोठ्या यंत्राच्या पात्यांना लवण्याची मुभाच नव्हती. त्यानं पात्याच्या मुळाशी आडवी बिजागरी बसवली आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या हेताफे इथं त्याचं चौथं यंत्र, सी.४, कलंडल्याशिवाय उडालं. बिजागरीची कल्पना फ्रान्समध्ये त्याच्या आधीच कागदावर आलेली होती. हवेत टिकली ती त्याची.

ती बिजागरी काय करते हे समजून घेण्यासारखं आहे. पुढे येणाऱ्या पात्याला जास्त उचल मिळाली, की ते वर जातं. वर जाताना त्याला हवा वरून खाली आल्यासारखी भेटते, त्याचा परिणामी कोन कमी होतो आणि उचल घटते. मागे जाणारं पातं खाली उतरतं, त्याचा कोन वाढतो, उचल वाढते. पक्षपात तिथल्या तिथं मिटतो. कुणी आज्ञा देत नाही, कुणी मोजत नाही. पात्याला हलायला जागा मिळाली, एवढंच.

मग हे मोकळं सोडलेलं पातं वर वर जाऊन छत्रीसारखं मिटत का नाही? कारण त्याला बाहेर खेचणारी केंद्रोत्सारी ओढ. हलक्या हेलिकॉप्टरच्या पात्याचं वजन काही किलोंत मोजायचं. फिरताना मुळाशी बसणारी ओढ टनांत. उभं असताना लवलेलं तेच पातं या ओढीनं ताठ होतं. म्हणजे बिजागरीनं सोडलेल्या पात्याला फिरणंच धरून ठेवतं. बांधणारा हात दिसत नाही, पण तो धातूच्या कुठल्याही पकडीहून जबरदस्त असतो.

इथं ‘मोकळीक म्हणजे बंधनाचा अभाव’ ही व्याख्या पहिल्यांदा तुटते. खरोखर सारी बंधनं सुटलेलं पातं म्हणजे मुळापासून तुटलेलं पातं. ते सरळ रेषेत निघून जातं आणि शेतात पडतं. बिजागरी पात्याला मुक्त करत नाही. एका बंधनाच्या जागी ती दुसरं आणते, आणि ते दुसरं पात्याच्या स्वतःच्या गतीतून निघालेलं असतं.

शिवाय प्रत्येक मोकळीक मागे देणं ठेवते. वर-खाली होणाऱ्या पात्याचं वस्तुमान अक्षाच्या किंचित जवळ येतं, किंचित दूर जातं. गिरकी घेणारी नर्तकी हात जवळ घेते तेव्हा वेगानं फिरते, त्याच नियमानं पातं प्रत्येक फेरीत पुढे धावू पाहतं, मग मागे पडू पाहतं. सिएर्व्हाच्या सुरुवातीच्या यंत्रांत या ओढाताणीला पुरेशी वाट नव्हती. १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये त्याच्या एका यंत्राचं पातं हवेत मुळाशी तुटलं. वैमानिक फ्रँक कोर्टनी बचावला. त्यानंतर पात्याला उभी बिजागरीही देणं भाग पडलं.

ती दिल्यावर तिसरं संकट. पुढे-मागे मोकळी झालेली पाती कधी कधी एका बाजूला गोळा होतात आणि साऱ्या रोटरचं गुरुत्वमध्य मधोमध राहत नाही. यंत्र जमिनीवर असेल आणि त्याच्या चाकांचं हेलकावणं नेमकं या गोळा होण्याच्या तालाशी जुळलं, तर दोघं एकमेकांना वाढवत नेतात. वैमानिक याला ‘ग्राउंड रेझोनन्स’ म्हणतात. काही सेकंदांत धडधाकट हेलिकॉप्टर स्वतःला झटकून झटकून मोडून टाकतं. रॉबर्ट कोलमन आणि आर्नल्ड फाइनगोल्ड यांनी १९४० च्या दशकात याचं गणित मांडलं. उपाय म्हणून उभ्या बिजागरीला डॅम्पर लावतात. म्हणजे मोकळीक द्यायची आणि लगेच तिच्या हालचालीला घर्षणाचा लगाम घालायचा. वैमानिकाला शिकवलेला दुसरा उपाय जास्त मजेदार आहे: रोटर पुरेशा वेगात असेल, तर तडक जमिनीवरून उठा. पायाखालची जमीन सुटली की अनुनादाचा दुसरा भिडूच उरत नाही.

या यंत्रात आज्ञा आणि फळ यांच्यातही अंतर आहे. वैमानिकाला रोटरची चकती पुढे झुकवायची असेल, तर पात्याचा कोन पुढच्या बाजूला बदलून भागत नाही. मध्यभागी बिजागरी असलेल्या रोटरमध्ये पातं कोन बदलल्यावर पाव फेरीनं, म्हणजे ९० अंश पुढे जाऊन, आपल्या टोकाच्या उंचीला पोचतं. म्हणून हबखालची स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांचे कोन बदलणारी तबकडी, आज्ञा पाव फेरी आधीच देते. कर्म इथं, फळ तिथं. गीतेवरची प्रवचनं ऐकलेल्या माणसाला यात गंमत वाटेल. पण ही गंमत फार ताणू नये. गीतेत फळाची आस सोडायला सांगितली आहे. अभियंत्यानं मात्र फळ कुठं पडणार याचा हिशेब आधीच करून ठेवलेला असतो.

यंग आपल्या कोठारात प्रतिकृती उडवत होता, तेव्हा सिएर्व्हाच्या बिजागऱ्या सगळ्यांना माहीत होत्या. सिएर्व्हा स्वतः डिसेंबर १९३६ मध्ये लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर एका प्रवासी विमानाच्या अपघातात गेला. यंगला सतावणारा प्रश्न वेगळा होता. रोटरखाली धड लटकतं आहे, म्हणजे ते दोरीला बांधलेल्या वजनासारखं आपोआप स्थिर राहील, असा समज होता. त्याच्या प्रतिकृतींनी तो खोटा ठरवला. धड एका बाजूला झुललं, की मास्ट झुकायचा, मास्टबरोबर रोटर झुकायचा, त्यामुळे यंत्र त्या बाजूला ओढलं जायचं, परत झुलायचं, दर वेळी जास्त. शेवटी आपटायचं.

यंगनं दोन गोष्टी केल्या. दोन पात्यांचा एकच सलग तुकडा करून तो मास्टच्या माथ्यावर एका बिजागरीवर ठेवला. एक पातं वर गेलं की दुसरं खाली येतं. आणि पात्यांना काटकोनात, टोकांना वजनं असलेला एक दांडा त्याच मास्टवर बसवला. फिरता दांडा आपलं प्रतल सहजी सोडत नाही. धड खाली झुललं, तरी दांडा होता तसा राहतो आणि त्याला जोडलेले दुवे पात्यांचे कोन असे बदलतात, की रोटर धडाच्या मागे न जाता दांड्याच्या प्रतलाशी राहतो. १९४१ मध्ये यंगनं आपली प्रतिकृती बेल कंपनीच्या लोकांना उडवून दाखवली आणि बफेलोजवळच्या गार्डनव्हिलला छोट्या चमूसह मोठं यंत्र बांधायला घेतलं. बेल ४७ चा गोल काचेचा बुडबुडा पुढे कोरियाच्या युद्धात जखमी सैनिक वाहताना जगानं पाहिला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानंही एक बेल ४७ आपल्या संग्रहात घेतलं.

दांड्याकडे पाहून सांख्यांचा साक्षी पुरुष आठवण्याचा मोह होईल: धड डोलतं, हा डोलत नाही. पण सांख्यांचा पुरुष काहीच करत नाही आणि यंगचा दांडा दुव्यांनी पात्यांना चालवतो. तो निव्वळ पाहत राहिला असता, तर बेल ४७ गार्डनव्हिलच्या शेतातच संपलं असतं.

यंगची स्वतःची मांडणी अशी होती. प्रकाश सर्वांत मोकळा. त्याला तीन स्वातंत्र्यांश. अणूच्या आतल्या कणांना दोन, अणूंना एक आणि रेणूंना शून्य. रेणूंच्या पातळीवर, म्हणजे दगड-धातूंच्या जगात, सारं नियमबद्ध. तिथून विश्व वळण घेतं: वनस्पतींना एक, प्राण्यांना दोन, माणसाच्या पातळीवर पुन्हा तीन. त्याच्या मते तळाची ती जखडलेली पातळी हा शाप नव्हता. धातू नियमानं वागतो, म्हणूनच त्याचं यंत्र करता येतं. आणि त्याचा दुसरा आवडता मुद्दा: स्थान, वेग, त्वरण हे तीन झाल्यावर चौथी गोष्ट येते, त्वरणात होणारा बदल. हँडल धरलेला माणूस तेच तर करत असतो. यंगनं त्याला सरळ ‘नियंत्रण’ म्हटलं आणि भौतिकशास्त्राच्या समीकरणांत माणसासाठी राखून ठेवलेली जागा तिथं पाहिली. त्याच्या या विचारांभोवती १९७० च्या दशकात बर्कलीत चेतनेच्या अभ्यासाची एक संस्थाही उभी राहिली.

तळाच्या नियमबद्धतेबद्दलचा त्याचा मुद्दा टिकणारा आहे. वाऱ्यानं पात्याशी दर फेरीला वेगळा व्यवहार केला असता, तर कुठलीच बिजागरी उपयोगी पडली नसती. पण अंशांची शिडी त्याच्याच क्षेत्रातल्या पुढच्या घडामोडींपुढे डळमळते. यंगच्या हयातीतच, १६ फेब्रुवारी १९६७ रोजी, जर्मनीत बोल्कोव कंपनीचं बीओ १०५ उडालं. त्याच्या टायटॅनियमच्या हबला ना आडवी बिजागरी, ना उभी. पाती काचतंतूंची, वर-खाली, पुढे-मागे जे काही होतं ते पात्याच्या मुळाजवळचा लवचीक भाग वाकून होतं. ब्रिटनचं लिंक्स १९७१ मध्ये उडालं, तेही बिजागरीविना. बंगळुरूत २० ऑगस्ट १९९२ रोजी पहिल्यांदा उडालेलं आपलं ‘ध्रुव’ याच घराण्यातलं. त्याची चार पाती कार्बनतंतूंच्या दोन ताऱ्याच्या आकाराच्या तबकड्यांमध्ये धरलेली आहेत. पुढे युरोपच्या ईसी १३५ मध्ये पात्याचा कोन बदलणारा बेअरिंगही गेला. पात्याचं मूळच पिळलं जातं.

बिजागऱ्या मोजल्या तर या यंत्रांना सर्वांत कमी स्वातंत्र्य आहे. हवेत मात्र तीच सर्वांत चपळ. बीओ १०५ हवेत कोलांट्या घेतं. ध्रुवच्या ‘सारंग’ पथकाची प्रात्यक्षिकं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगायला नको. कारण असं: बिजागरी अक्षापासून जितकी लांब, तितका वाकलेल्या रोटरचा पीळ धडापर्यंत पोचतो. यंगच्या रोटरमध्ये ती अगदी अक्षावर होती, म्हणजे अंतर शून्य. ‘चीता’सारख्या यंत्रांत ती अक्षापासून थोडी बाहेर. बीओ १०५ मध्ये बिजागरीच नाही, पण वाकणारा भाग असा, की जणू पात्याच्या लांबीच्या सुमारे सातव्या भागावर बिजागरी असावी. हात हलताच धड वळतं.

सिएर्व्हाला अपयश देणारा जखडलेला रोटर आणि हा रोटर लांबून एकसारखेच दिसतात. मधली चाळीस वर्षं गेली ती बिजागरीचं काम पदार्थाच्या अंगात भिनवण्यात. एकदा बाहेरून दिलेली मुभा तंतूंचा स्वभाव झाली. वेताच्या पात्याला हे मुळातच येत होतं. मोठ्या पात्याला ते शिकवायला काचतंतू आणि राळ यांची वाट पाहावी लागली.

स्वातंत्र्य मोजण्याची पट्टी चुकीची असेल, तर धर्मविचारातला नेहमीचा प्रश्नही नव्यानं विचारावा लागतो. आपल्याकडे ‘मोक्ष’ या एका मागणीत दोन वेगळ्या मागण्या मिसळलेल्या असतात. एक, या चक्रातून सुटका. दुसरी, चक्रावर असतानाच मोकळेपणानं वागता यावं. पहिलीचं तर्कशुद्ध रूप सांख्यांत दिसतं. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका सांगते, की पुरुष कधी बांधला जातच नाही आणि सुटतही नाही. बांधली जाते आणि सुटते ती प्रकृती. मग ज्ञान झाल्यावर देह लगेच का पडत नाही? त्यासाठी कारिकेत कुंभाराच्या चाकाचा दाखला आहे: काठी काढून घेतली, तरी आधीच्या वेगानं चाक काही काळ फिरत राहतं.

हेलिकॉप्टरला ही स्थिती परिचयाची आहे. २१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये जाँ बूले यानं ‘लामा’ हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. तिथं त्याचं इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू होईना. बूले रोटर नुसता फिरता ठेवत तिथून थेट जमिनीवर सुखरूप उतरला. हेच ‘लामा’ भारतात परवान्यानं बनलं आणि सियाचेनच्या चौक्यांना रसद पोचवत आलं. त्याचंच नाव ‘चीता’. बूलेचा रोटर मात्र कुंभाराच्या चाकासारखा जुन्या वेगावर चालत नव्हता. तेवढ्यावर तो काही सेकंदांत थंडावला असता. खाली पडताना खालून येणारी हवा त्याला फिरवत होती, आणि त्याची किंमत तो उंचीच्या रूपानं सतत मोजत होता. जुना साठलेला वेग उपयोगी पडतो तो अगदी शेवटी, जमिनीलगत, जेव्हा वैमानिक पात्यांचे कोन वाढवून त्या वेगाचं उचलीत रूपांतर करतो. कुंभाराचं चाक खरं ठरतं ते तेवढ्या क्षणापुरतं.

दुसरी मागणी मराठी माणसाला जास्त जवळची. कीर्तनाच्या शेवटी म्हटल्या जाणाऱ्या तुकोबांच्या मागणीत मुक्ती नाकारलेली आहे; पुन्हा जन्म घ्यायची तयारी आहे, अट एवढीच, की विसर पडू नये आणि संतांची संगत मिळावी. वारकऱ्याच्या गळ्यात माळ असते, पाठीशी एकादशी असते, आषाढीची वाट असते. ही बंधनं त्यानं मोजूनमापून, आपणहून घेतलेली. हबला उत्तर देता येतं ते या मागणीबद्दल. पहिलीबद्दल तो गप्प आहे. चक्रातून सुटलेल्या पात्याचा अभ्यास अभियंते करतात, पण अपघात-चौकशीच्या अहवालात.

आणि या मागणीलाही हब फुकटचं आश्वासन देत नाही. बिजागरीविना रोटरचा पीळ धडापर्यंत जातो तो मास्टमधून. म्हणून बीओ १०५ आणि त्याच्या वंशातल्या यंत्रांच्या वैमानिकासमोर एक वेगळा काटा असतो, मास्टवर किती पीळ येतो आहे हे दाखवणारा. उतारावर उतरताना किंवा जमिनीवर यंत्र उभं असताना हात जरा जास्त हलला, तर तो काटा लाल रेषेकडे जातो. आज्ञाधारक रोटर चुकीची आज्ञाही तितक्याच तत्परतेनं पाळतो.

यंगच्या रचनेतली उणीव दुसऱ्या टोकाची. दोन पात्यांचा डुलणारा रोटर धडाला पीळ देऊच शकत नाही. तो झुकतो, त्याची उचल झुकते आणि त्या झुकलेल्या उचलीच्या आधारानं धड मागोमाग येतं. उचल असेपर्यंत हे सारं ठीक. पण वैमानिकानं हातातली नियंत्रणाची दांडी झटकन पुढे ढकलली आणि यंत्र क्षणभर वजनहीन झालं, तर रोटरवर भारच उरत नाही. अमेरिकन धाटणीच्या यंत्रांत अशा वेळी शेपटीचा छोटा पंखा धडाला उजवीकडे लोळवतो. वैमानिकाचा हात सहजप्रेरणेनं डावीकडे जातो. रोटर आज्ञा ऐकून डावीकडे झुकतो. धडाला काहीच कळत नाही, ते उजवीकडे लोळतच राहतं. हब जाऊन मास्टवर आदळतो आणि मास्ट तुटू शकतो. व्हिएतनामच्या काळापासून अमेरिकन लष्करानं ह्यूई आणि कोब्रा या यंत्रांत अशी माणसं गमावली. पुढचं ब्लॅक हॉक आलं, ते दोन पात्यांचा डुलता हब सोडूनच.

नागरी जगात हा हब टिकला, कारण तो साधा आणि स्वस्त. जगभरचे शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवतात ते रॉबिन्सन आर २२ याच कुळीचं. तिथं धातूनं सोडलेलं बंधन माणसावर टाकलं गेलं. १९९५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं आर २२ आणि आर ४४ साठी खास नियम काढला: विशेष प्रशिक्षणाशिवाय यांना हात लावायचा नाही. शिकवलं जातं ते असं: पोटात गोळा आल्यासारखं हलकं वाटलं, की आधी दांडी हळूच मागे घ्या, रोटरवर भार येऊ द्या, मगच लोळणं सावरा. शरीर सांगतं त्याच्या बरोबर उलट. आणि ही वजनहीन अवस्था हवेत करून दाखवणं वर्ज्य असतं, कारण दाखवतानाच मरण यायचं. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं, तर विद्यार्थ्यासाठी प्रत्यक्ष बंद आहे. शब्द हेच प्रमाण. ज्याचा अनुभव कधीच घ्यायचा नाही, अशा गोष्टीबद्दलची आज्ञा हाताच्या स्नायूंत इतकी मुरवायची, की सहजप्रेरणेच्या आधी ती धावली पाहिजे.

धर्मशास्त्रातले विधिनिषेध असेच आले असतील का, हा प्रश्न इथं विचारण्यासारखा आहे. काही निषेधांमागे कुणीतरी आदळल्याची आठवण असते. काहींमागचा हब कधीच बदलला गेलेला असतो आणि निषेध तेवढा उरतो. दोन्हींत फरक करायचा, तर निषेधाकडे पाहून भागत नाही, यंत्र उघडावं लागतं. आर २२ च्या कुळीत ते काम चालू आहे. अलीकडे कंपनीनं आपल्या मोठ्या यंत्रांच्या शेपटीचा आडवा पंख दोन्ही बाजूंना सारखा केला; आधी तो एकाच बाजूला होता आणि वजनहीन क्षणी लोळण्याला हातभार लावत होता. नव्या शेपटीनं उजवीकडचं लोळणं कमी होतं. हब मात्र तोच डुलणारा आहे, म्हणून दांडी आधी मागे घ्यायची, हे अजूनही पहिल्यासारखंच शिकवावं लागतं.